टापटीपरावांनी सरळ केलेल्या ओळी

टापटीपरावांच्या घरी न्हाणीघरातला टॉवेल दांडीवर वाकडा पडला, तर दिवाणखान्यात बसल्या जागी त्यांना ते कळायचं. कसं कळायचं, ते विचारू नका. पेपर वाचता वाचता गृहस्थ मधेच नाक फुगवायचे, उठून आत जायचे, टॉवेलाची दोन्ही टोकं एका पातळीत आणायचे आणि परत येऊन पेपराची घडी नव्याने घालून वाचायला बसायचे. चपला भिंतीशी काटकोनात. पुस्तकं उंचीप्रमाणे, त्यामुळे एका तीन भागांच्या पुस्तकाचा मधला भाग कायम खालच्या कप्प्यात, कारण तो बोटभर बुटका निघाला. मुलगी लहानपणी डोंगरांचं चित्र काढायची, तेव्हा हे पट्टी घेऊन तिचे डोंगर सारख्या उंचीचे करून द्यायचे. ती आता शिकायला बाहेरगावी आहे आणि सुट्टीत घरी यायची तिला फारशी घाई नसते.

आता असा माणूस कुठे खपतो? तर कॉम्प्युटरच्या कंपनीत खपतो. नुसता खपत नाही, तर वरच्या जागेवर जाऊन बसतो.

पार्किंगच्या फाटकावर तो आडवा दांडा असतो ना, गाडी आली की वर जाणारा आणि गाडी गेली की खाली येणारा, त्याला चालवणारे प्रोग्राम ही कंपनी लिहायची. आता प्रोग्राम म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. यंत्राला दिलेले हुकूम, एकाखाली एक. ‘गाडी आली तर’ ही एक ओळ. मग गाडी आली तर काय करायचं, त्या ओळी तिच्या पोटात, म्हणजे जराशा उजवीकडे सरकवून लिहायच्या. त्यांच्या पोटात आणखी एखादं ‘तर’ असलं, की आणखी उजवीकडे. या कंपनीच्या यंत्राला ह्या सरकवण्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ओळी सरळ असोत की झिंगलेल्या, दांडा वर जायचा तेव्हा जायचाच. सरकवणं हे माणसांसाठी. वाचणाऱ्याला कशाच्या पोटात काय आहे ते दिसावं, एवढाच त्यातला हेतू. म्हणजे वाचणाऱ्याला. हा शब्द जरा लक्षात ठेवा.

टापटीपराव तिथे तपासनीस होते. कोणीही काहीही लिहिलं, की ते आधी त्यांच्याकडे यायचं, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मान ते क्वचितच हलवायचे. कंस एका जागेने पुढे आहे, परत. इथे रिकामी ओळ हवी, परत. तिथे दोन रिकाम्या ओळी कशाला, परत. लिहिणारा बिचारा आठवडाभर डोकं फोडून काहीतरी जमवायचा, आणि हे त्याच्या पडद्यावर खरोखरची लाकडी पट्टी लावायचे. पट्टी खणात असायची, खणात काटकोनात. नव्या लोकांची पहिल्या महिन्यात पाचावर धारण बसायची. जुने आपसात कुजबुजायचे, ‘टापटीपरावांकडून आलं का?’ आणि उत्तर यायचं, ‘आलं. परत आलं.’

स्वतः त्यांनी शेवटची उपयोगाची ओळ कधी लिहिली होती, ते मात्र कोणाला आठवत नव्हतं. त्यांनाही नाही.

याच ऑफिसात त्यांचं लग्न जमलं. ऐकून बरं वाटतं, पण जमलं कसं ते ऐका. दांड्याचा सगळ्यात अवघड भाग, म्हणजे खाली कोणी असताना तो पडू नये हा भाग, एक तरुण बाई लिहायच्या. त्यांची लिहायची तऱ्हाच निराळी. लॅपटॉप उचलून सरळ खाली फाटकाशी जायच्या, वॉचमनच्या स्टुलावर बसायच्या, दांड्याकडे बघत बघत लिहायच्या. गुडघ्यावर लॅपटॉप, एक हात बटणांवर, दुसऱ्या हाताने येणाऱ्या गाडीला थांबा-थांबा. मग ओळी सरळ कुठून येणार? एक इकडे, एक तिकडे, मधे कुठेतरी दहा जागा मोकळ्या. पण दांडा कोणाच्या डोक्यात पडायचा नाही. टापटीपरावांनी त्यांचं काम परत केलं, मग पुन्हा परत केलं, मग पुन्हा. परत करता करता ओळख वाढली. आपलं काम इतक्या बारकाईने बघणारा माणूस बाईंना दुसरा भेटला नव्हता, आणि इतकं वाकडं लिहून इतकं शांत हसणारी बाई टापटीपरावांना. झालं लग्न. त्या दिवसापर्यंत बाईंना ऑफिसात नाव होतं, लग्नानंतर सगळे त्यांना ‘वहिनी’ म्हणायला लागले. आपणही वहिनीच म्हणू, आता बदलून काय उपयोग.

पुढे टापटीपरावांच्या आईंना अर्धांगाचा झटका आला. कोणीतरी घरी राहायला हवं होतं. कोणी, यावर घरात चर्चा झाली म्हणे. म्हणजे टापटीपराव बोलले आणि वहिनींनी ऐकलं. ज्यांचं काम सारखं परत येतं त्यांनी घरी राहावं, हे तसं सरळच होतं. वहिनींनी नोकरी सोडली आणि सासूबाईंचं सगळं केलं, शेवटपर्यंत, कपाळाला आठी न घालता. त्या वर्षांत त्या कधी मुलीला आणायला बाहेर पडल्या आणि वाटेत एखादं पार्किंग लागलं, की दोन मिनिटं थांबून दांड्याकडे बघायच्या. मुलगी म्हणायची, ‘आई, चल ना गं, लोक बघताहेत.’

मग सासूबाई गेल्या, मुलगी शिकायला गेली. एक दिवस वहिनी जेवताना म्हणाल्या, ‘अहो, तुमच्या ऑफिसात जागा निघाली आहे. मी अर्ज केलाय.’

टापटीपरावांचा घास हातात राहिला. ‘कुठली जागा?’

‘माझीच. दांड्याची.’

कंपनी मधल्या काळात विकली गेली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत नव्या मॅडम येऊन बसल्या होत्या. बाई स्पष्ट. मधे वर्षानुवर्षं घरी बसलेल्या लोकांबद्दल त्यांचा एक नियम होता. तुमचं जुनं काम हिस्टरीत दाखवा, तेवढ्या वर्षांचा अनुभव धरू आणि जुनी जागा देऊ. दाखवता आलं नाही तर नवशिक्या म्हणून तळापासून सुरुवात. आता हिस्टरी म्हणजे काय, तर प्रोग्रामची प्रत्येक ओळ शेवटी कोणाच्या हातची, याची कॉम्प्युटर आपोआप ठेवतो ती नोंद. ओळीवर बोट ठेवलं की शेजारी नाव उमटतं, तारीख उमटते, आणि लिहिणाऱ्याने त्या वेळी टाकलेला छोटा शेरा उमटतो.

‘सोमवारी बोलावलंय,’ वहिनी म्हणाल्या. ‘मॅडम माझं जुनं काम उघडून बघणार आहेत.’

आता ह्या वाक्यातून शहाण्या माणसाने काय घ्यावं? बायकोची सगळी उमेद त्या नोंदीवर आहे, हे घ्यावं. टापटीपरावांनी काय घेतलं? उघडून बघणार! बाप रे! तो पसारा? पाहुणे दारात आणि घर विस्कटलेलं! नव्या मॅडम ती झिंगलेली ओळ न् ओळ बघणार आणि मग म्हणणार, ही तपासनीसाची बायको?

‘तू काळजी करू नकोस,’ ते म्हणाले. ‘मी बघतो.’

‘तुम्ही काय बघणार त्यात?’

‘बघतो म्हटलं ना.’

वहिनींना बरं वाटलं. माणूस आपल्यासाठी काहीतरी करतोय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

त्याच सुमारास मॅडमनी ऑफिसात फॉरमॅटर आणला होता. फॉरमॅटर म्हणजे एक प्रोग्रामच, जो दुसऱ्या प्रोग्रामच्या ओळी आपोआप सरळ करतो. बटण दाबलं की कंस जागेवर, मोकळ्या जागा सारख्या, पोटातलं पोटात. टापटीपराव उभ्या आयुष्यात जे करत आले, ते ह्या पोराटोरांच्या खेळण्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत करून दाखवलं. पहिले दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. ‘यंत्राला काय कळतंय सौंदर्य?’ असं ते पाणी प्यायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की फॉरमॅटर कोणीतरी चालवावा लागतो. चौथ्या दिवशी तो आपल्याच ताब्यात असावा, असं त्यांनी मॅडमना पटवलं होतं, आणि पाचव्या दिवशी ते त्याच्याबद्दल घरच्या पोराचं कौतुक सांगावं तसं बोलायला लागले.

मॅडमनी बजावलं होतं, ‘फक्त नव्या कामावर चालवा. जुन्याला हात लावू नका.’

‘हो हो,’ टापटीपराव म्हणाले.

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं होतं. टापटीपराव एकटेच आले, खुर्ची टेबलाशी समांतर केली, आणि कंपनीच्या सगळ्या जुन्या प्रोग्रामांवर फॉरमॅटर चालवला. सगळ्या. चार लाख ओळी. नुसता वहिनींचा भाग सरळ केला असता तर शेजारचे भाग वाकडे दिसले असते, आणि मग वहिनींच्या भागाची शोभा काय राहिली असती? पडद्यावर ओळी भराभर उजवीकडे डावीकडे सरकल्या आणि थांबल्या. काय ते दृश्य! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण मग त्यांनी हिस्टरी उघडली.

काय सांगावं! बावीस वर्षांचा उकिरडा. लोकांनी काय वाट्टेल ते शेरे टाकले होते. ‘चाललं बुवा एकदाचं.’ ‘पुन्हा बंद पडलं.’ ‘का चालतंय ते विचारू नका.’ आणि सगळ्यात जास्त शेरे कोणाचे, तर आमच्या वहिनींचे. ‘दांडा आज माझ्याच डोक्यात पडला. आता नाही पडणार.’ ‘सायकलवाला दिसत नव्हता, आता दिसतो.’ ‘आईंना डॉक्टरकडे न्यायचंय, बाकीचं उद्या.’ ‘टापटीपने परत केलं. सरळ केलं. काही बदललं नाही, दिवस गेला.’ ‘आईंना आज बरं नाही, पण लहान मूल दांड्याखाली आलं तर काय, ते झाल्याशिवाय घरी जाववत नाही.’

हे मॅडम वाचणार? घरातलं दुखणंखुपणं? टापटीपरावांचे कान गरम झाले. हिस्टरीच्या चाव्या त्यांच्याकडेच होत्या, कारण त्या सांभाळायचं कंटाळवाणं काम दुसऱ्या कोणाला नको होतं. त्यांनी बावीस वर्षांची हिस्टरी काढून टाकली आणि तिच्या जागी एकच नोंद ठेवली. नाव स्वतःचं, तारीख त्या दिवसाची, शेरा: ‘सर्व नीटनेटके केले.’ जुन्याची एक प्रत बाजूला ठेवावी, असं मनात आलं होतं म्हणे. पण प्रत म्हणजे तोच पसारा पुन्हा दुसऱ्या खोलीत, म्हणून नाही ठेवली.

ओळींवरची नावं पुसली जाणार, हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं की! ऑफिसात त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? फक्त त्या घटकेला ओळी इतक्या सरळ होत्या, की दुसरं काही डोक्यात शिरायला जागा नव्हती.

घरी आले ते शीळ घालत. वहिनींनी विचारलं, ‘काय हो, आज स्वारी खुशीत?’

‘सोमवारी बघशील,’ ते म्हणाले.

सोमवारी सकाळी ते टेबला-टेबलावर फिरले. ज्याच्या-त्याच्या मशीनवर जुनी प्रत असेल ती समोर उभं राहून पुसायला लावली आणि नवी सरळ प्रत घ्यायला लावली. लोकांनी घेतली. तपासनीसाशी वाद कोण घालणार? एकाने मात्र नवी प्रत उघडल्यावर भुवया उंचावल्या. ‘सर, हे बघा, कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तरी तुमचंच नाव येतंय.’

‘असं?’ टापटीपराव म्हणाले, आणि एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, त्यांना गुदगुल्या झाल्या. मग बोट ठेवणाऱ्याने पुढे विचारलं, ‘मग आता कुठली कोणाची, ते कसं कळायचं?’

त्यांच्या हातातला चहा सांडला. टेबलावर सांडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सांडलेलं पुसलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वहिनी काचेच्या खोलीत जाऊन बराच वेळ झाला होता. तेवढ्यात मॅडमनी आतून हात केला.

आत वहिनी खुर्चीच्या पुढच्या टोकावर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, हात मांडीवर. मॅडमनी पडदा टापटीपरावांकडे वळवला.

‘तुमच्या मिसेस म्हणतात, दांडा कोणाच्या डोक्यात पडू नये हा भाग त्यांनी लिहिला. इथे त्यांचं नाव कुठेच नाही. इथे सगळीकडे तुमचं नाव आहे. आणि तुम्ही हे सगळं परवा शनिवारी लिहिलंत.’

 आपण केलं ते सांगावं तर नोकरी जाते. न सांगावं तर बायको समोर खोटी ठरते. माणसाची पारख अशाच वेळी होते असं म्हणतात, आणि न्याय करायचा तर टापटीपराव ह्या पारखीला उतरले हो. त्यांनी सांगून टाकलं.

‘मॅडम, मी पुसलं. सगळ्यांचं पुसलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी केलं. तिचं काम तुमच्या नजरेला नीट दिसावं म्हणून केलं. मला काढायचं तर काढा. पण ते तिचंच आहे, मी शपथेवर सांगतो. तेव्हा मीच तपासलंय ते, एकेक ओळ.’

वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. रागाने नाही. असं बघितलं, की टापटीपरावांना वाटलं, चला, नोकरी गेली तर गेली, संसार वाचला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘ठीक आहे. तुम्ही एकेक ओळ तपासलीत ना? मग तुमचा शब्द मी धरते. ह्यातलं यांचं कोणतं, ते मला दाखवा.’

एवढंच? टापटीपरावांचा जीव भांड्यात पडला. ते पुढे वाकले आणि वहिनींचं काम शोधायला लागले. पडदा वर गेला, खाली गेला. सरळ ओळी. मग आणखी सरळ ओळी. एक कंस इकडचा तिकडे नाही. त्यांनी दुसरा भाग उघडला, तिसरा उघडला. सगळे एकसारखे. वहिनींचं काम ते शंभर हात लांबून ओळखायचे, पण ओळखायचे कशावरून? ओळी वाकड्या, म्हणून वहिनींच्या! आता वाकडं काहीच नव्हतं. आत काय लिहिलंय यावरून ओळखायचं, तर आत काय लिहिलंय ते त्यांनी कधी बघितलं होतं?

कपाळावर घाम आला.  शेवटी एका भागावर त्यांचं बोट थांबलं. जरा लांबलचक होता, महत्त्वाचा दिसत होता.

‘हे,’ ते म्हणाले. ‘हे हिचं. शंकाच नाही.’

मॅडमनी वहिनींकडे बघितलं. वहिनी पडद्याकडे बघत होत्या. 

‘अहो, ती पावती छापायची आहे. ते दाढीवाले होते ना कोपऱ्यात बसणारे, त्यांचं. माझं नाही ते.’

पुढे मग फार काही झालं नाही. वहिनींनी स्वतः उठून आपला भाग उघडून दाखवला. मॅडम म्हणाल्या, ‘मला तुमचं खरं वाटतं. पण माझ्या वर आणखी लोक बसलेत, त्यांना मी काय दाखवू?’ नियम तो नियम. नवशिक्या म्हणून यायचं असेल तर उद्यापासून या. वहिनींनी विचारलं, ‘काम दांड्याचंच ना?’ मॅडम हो म्हणाल्या. वहिनींनी सही केली.

आणि टापटीपरावांचं काय झालं, म्हणता? मॅडम त्यांना काढणारच होत्या. पण तिकडे मुख्य कचेरीत कोणाच्या नावावर किती ओळी याचा तक्ता आपोआप निघतो, आणि त्या आठवड्याच्या तक्त्यात एका माणसाने एका दुपारी चार लाख ओळी लिहिल्या होत्या. वरच्यांनी तो तक्ता फ्रेम करून सगळ्या शाखांना पाठवला. टापटीपरावांना मानपत्र आलं. जगातला सगळ्यात कामसू माणूस काढायचा कसा? राहिले. मात्र त्या दिवसापासून कुठल्याही शहरात कुठलाही दांडा अडकला, की लोक ओळीवर बोट ठेवायचे आणि फोन यांना यायचा. ‘ही ओळ तुमची ना? असं का केलंत?’ टापटीपराव काय सांगणार? ‘बघून कळवतो’ म्हणायचे आणि फोन ठेवून मानपत्राकडे बघायचे. मानपत्र जरा डावीकडे कललेलं होतं. ते उठून सरळ करायचीही त्यांना इच्छा होत नसे.

पण मी पुढे गेलो. सोमवारचं राहिलं. खोलीतून बाहेर पडल्यावर दोघं जिन्याने खाली आली, पार्किंगमधून बाहेर निघाली. फाटकाशी दांडा वर होता, एक गाडी नुकती गेली होती आणि तो खाली यायला लागला होता. वहिनी मुद्दाम त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. दांडा वरच्या वर थांबला. कुरकुरला आणि परत वर गेला.

‘अगं, सरक,’ टापटीपराव म्हणाले.

‘नाही पडत,’ वहिनी म्हणाल्या. ‘मी लिहिलंय.’

टापटीपराव मग म्हणाले, ‘चुकलं माझं. नाव गेलं तुझं.’

‘नावाचं नाही हो एवढं.’ वहिनी दांड्याखालून बाहेर आल्या. ‘तुम्ही इतक्या वेळा माझं काम परत केलंत. मला राग यायचा, रडूही यायचं कधीकधी. पण मी मनाला समजवायचे, की माणूस निदान प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतोय. दुसरं कोण वाचतं एवढं? म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं.’ त्यांनी पर्सचा पट्टा खांद्यावर वर सरकवला. ‘इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही वाचून परत करता.’

आणि त्या चालायला लागल्या. टापटीपराव मागून. 

वहिनी दुसऱ्या दिवसापासून रुजू झाल्या. निम्म्या वयाच्या मंडळींच्या रांगेत, दाराजवळचं टेबल. पहिलं काम मिळालं ते असं: एका गाडीच्या पाठोपाठ दुसरी फुकटी गाडी चिकटून आत घुसते, तिला अडवायचं, म्हणजे पहिली गाडी गेली रे गेली की दांडा झटकन खाली यायला हवा. वहिनींनी लिहिलं. आता ओळी सरळ करायला फॉरमॅटर होताच. काम आपोआप सरळ होऊन टापटीपरावांच्या पडद्यावर आलं. एक कंस वाकडा नाही. पूर्वीचे टापटीपराव असते तर मान हलवून मोकळे झाले असते.

त्यांनी पट्टी खणात ठेवून खण लावून घेतला. आणि पहिली ओळ वाचली. कळली नाही. पुन्हा वाचली. ज्यांच्या नावावर चार लाख ओळी, ते दुपारपर्यंत पहिल्या पानावर. लोक येता-जाता बघायचे, तपासनीस ओठ हलवत पडद्यावर बोट फिरवताहेत, एखाद्या पहिलीतल्या मुलासारखे. हसायचे लोक. का हसू नये? दुसऱ्या दिवशी तर ते लॅपटॉप घेऊन खाली गेले, वॉचमनला म्हणाले, ‘जरा स्टूल द्या हो,’ आणि फाटकाशी बसले. एक ओळ वाचायची, दांड्याकडे बघायचं. पुढची ओळ वाचायची, पुन्हा बघायचं. शर्टाला धूळ, विजारीला ग्रीस. वॉचमन म्हणाला, ‘साहेब, पूर्वी इथे एक बाई असंच करायच्या.’ टापटीपराव म्हणाले, ‘माहीत आहे.’

तिसऱ्या दिवशी एक गाडी आली, मागे सामानाची ट्रॉली ओढत. गाडी दांड्याखालून पुढे सरकली. गाडी आणि ट्रॉली यांच्यामध्ये हातभर फट. टापटीपराव गाडीकडे बघत राहिले, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्या फटीकडे. आणि स्टूल पाडून उठले. लिफ्टची वाट बघवेना, तिन्ही मजले धापा टाकत चढले. सरळ दाराजवळच्या टेबलाशी.

‘अगं,’ श्वास आवरत ते म्हणाले, ‘ट्रॉलीवाली गाडी आली तर? मधली फट दिसली की तुझा दांडा समजणार, गाडी गेली. आणि झटकन खाली येणार. ट्रॉलीवर.’

वहिनींनी कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघितलं. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या. मग हात तोंडावर गेला.

‘अगंबाई! येईल की हो खाली!’ त्या वळल्या. त्यांनी नवऱ्याच्या ग्रीस लागलेल्या विजारीकडे बघितलं, विस्कटलेल्या केसांकडे बघितलं. ‘हे तुम्हाला कसं कळलं?’

टापटीपरावांनी बाहीने घाम पुसला.

‘मग उभे काय राहिलात?’ वहिनी म्हणाल्या. ‘परत पाठवा की.’

टापटीपराव आपल्या जागेवर गेले आणि त्यांनी वहिनींचं काम परत पाठवलं. वाचून.